नमुना

आम्ही पाच जण बोरगव्हाणच्या फाट्यावर उतरलो,
भाड्याच्या बोलेरोतून, मांडीवर थंड डबे घेऊन.
विषाणूवाली हर्षदा मेंढे.
वटवाघळं मोजणारा फैजान, अबोल.
आकडे जुळवणारे टेंभुर्णेसर.
लोकांशी बोलायचं शिकून आलेली कादंबरी, तिचं शास्त्रच ते.
आणि मी, गुराढोरांचा डॉक्टर,
ज्याला माणसाच्या खोकल्यातलं काही कळत नाही
असं पहिल्याच बैठकीत ठरलेलं.

नऊ जण आजारी, दोघी गेलेल्या.
कोरडा खोकला, मग ताप,
मग छाती ओल्या गोणपाटासारखी जड.
आरोग्य केंद्राच्या वहीत रोगाच्या रकान्यात: इतर.

हर्षदा नाकात काडी घालायची, म्हणायची दहापर्यंत मोजा.
फैजान दिवस बुडताना बंद जिनिंगमागे उताणा पडून
चारशे बारा म्हणायचा,
दुसऱ्या दिवशी चारशे सदतीस.
टेंभुर्णेसरांचं नकाशावरचं वर्तुळ
कुठल्याच विहिरीवर, कुठल्याच गल्लीवर बसेना.
मी शेळ्यांच्या नाकपुड्या पुसत होतो.
शेळी दुखण्याचा पत्ता सांगत नाही,
कान गार की गरम, लेंडी कशी, कोणत्या पायावर भार,
हे वाचावं लागतं.
माणूस सांगतो. तिथंच फसतो आपण.

रात्री शाळेच्या सतरंजीवर भांडणं.
नमुना म्हणजे हर्षदाला नळी,
सरांना हजारातले साठ,
मला शेळी.
कादंबरी म्हणाली, गावात नमुना कुणाला म्हणतात माहीत आहे ना?
तेवढ्यावर हसलो सगळे. मग पुन्हा भांडलो.

प्रश्नावलीत चौसष्ट प्रश्न होते.
चूल की गॅस. कोंबड्या किती. प्रवास केला काय.
रेवता उईके, बरी होऊन तीन आठवडे झालेली,
नाही. नाही. दोन. नाही. सांगत गेली,
चौसष्टावा संपला तशी उठली
आणि तिनं पदर झटकला.

उन्हाच्या पट्ट्यात धूळ उडाली, बारीक, काळसर.
कादंबरीनं पेनाचं टोपण लावलेलं होतं. तिनं विचारलं,
ही कुठली?

"सरकीच्या गोदामातली. सात वर्स बंद व्हतं.
भाड्यानं द्याचं हाय म्हून झाडाले लावलं आमाले."

आमाले म्हणजे कुणाकुणाला?

तिनं बोटं उघडली, एकेक नाव घेत.
नऊ.
मग त्यातली दोन मिटून घेतली.

टेंभुर्णेसर कितीतरी वेळ नकाशाकडे बघत राहिले.
माणसं जिथं झोपतात तिथं टिंबं दिली होती त्यांनी.

पुढं पुण्याहून कागद आला:
संशय बळकट, पुरावा अपुरा, आणखी नमुने पाठवा.
सरपंच म्हणाले, धूर करून हाकलू चामचिड्या.
तेव्हा ग्रामसभेत फैजान उभा राहिला, घाम पुसत,
म्हणाला, हाकलल्या तर जातील कुठं?
तुमच्याच आढ्याला लटकतील.
एवढंच बोलून बसला. बराच वेळ पाणी पीत होता.

निघायच्या दिवशी रेवतानं अडवलं.
"सारं समजलं बाप्पा. पण मी झाडू का नोको झाडू?
दोनशे रुपये रोज हाय."

पाच शास्त्रं एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागली.
शेवटी हर्षदाच म्हणाली, पाणी शिंपडून झाडा,
कोरडं नको, तोंडाला हा मास्क.

"पानी शिंपून! नळ येते तिसऱ्या दिवशी.
अन् एवढं तं माह्या सासूलेही मालूम व्हतं,"
म्हणत ती हसायला लागली,
हसता हसता ठसका लागला,
लांबला.

आम्ही जागच्या जागी थांबलो,
दार उघडं, इंजिन चालू,
पाचही जण त्या एकाच खोकल्याला कान लावून.

"काई नाई, धूर गेला चुलीचा," ती म्हणाली.
"बसा. च्या मांडतो."